हेड आवळल्यानंतरचे बोअर

वणीच्या परिसरात बोअरिंगच्या, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचे भोक (बोअर) कातून दुरुस्त करण्याच्या, कारखान्यात येणारे काम म्हणजे ट्रॅक्टर, ओलिताची डिझेल इंजिने, कोळसा वाहणारे टिप्पर आणि जुन्या जीपगाड्या. शर्यतीचे इंजिन आमच्याकडे क्वचितच येते. म्हणूनच मारेगावकडचा एक तरुण शेतकरी ऑटोक्रॉसच्या शर्यतीत धावणाऱ्या आपल्या मारुती जिप्सीचे इंजिन उतरवून, पिकअपमध्ये घालून माझ्याकडे घेऊन आला, तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून मी त्याचे सगळे म्हणणे ऐकून घेतले. मोठ्या शहरातल्या एका कारखान्यात त्याने चारही सिलिंडर ०.२५ मिमी ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे मोठे, करून घेतले होते. इंजिन जास्त फेऱ्यांवर (आरपीएमवर) नेले की निळा धूर निघे आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेल येई. पिस्टनच्या रिंगा खराब असाव्यात असे समजून त्याने त्या पुन्हा बदलल्या, तरी फरक पडला नाही. मापांचा कागद माझ्यासमोर धरून तो म्हणाला, ‘‘काका, माप तं बरोबर हाये, मंग धूर कायचा?’’

कागदावरची मापे खरीच होती. माझ्या डायल बोअर गेजनेही, म्हणजे भोकाचा व्यास काट्यावर दाखवणाऱ्या मापयंत्रानेही, मला ब्लॉकच्या लांबीत आणि रुंदीत जवळजवळ तोच आकडा मिळाला. तरीही बॅटरीच्या उजेडात बोअरच्या वरच्या भागाकडे पाहिले, तेव्हा हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) बोल्टांना लागून चार उभे पट्टे आरशासारखे चकाकत होते आणि त्यांच्या मधल्या जागेत होनिंगच्या (दगडांनी बोअर घासून शेवटचे माप काढण्याच्या) तिरप्या रेघा नव्या कामासारख्या शाबूत होत्या. चकाकीच्या ठिकाणी रिंग दाबून घासत होती आणि रेघा शाबूत होत्या तेथे ती भिंतीला नीट टेकतच नव्हती. कागदावरचे माप हेड काढलेल्या ब्लॉकचे होते. इंजिन मात्र हेड आवळून चालते.

१० मिमीचा एक बोल्ट ६५ ते ७० न्यूटन-मीटरने आवळला, तर त्यात सुमारे ३ टनांची ओढ निर्माण होते. बोल्टाचे आटे ब्लॉकचे धातू वर ओढतात, त्याच वेळी गॅस्केटची (हेडखाली दाबल्या जाणाऱ्या पातळ थराची) कडी बोअरच्या काठावर खाली दाब देते, आणि या दोहोंमध्ये सापडलेली सिलिंडरची भिंत वाकते. जिप्सीचा १.३ लिटरचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, त्यात बीडाचे लायनर बसवलेले असतात आणि हेड १० बोल्टांवर आवळले जाते. म्हणजे प्रत्येक बोअरच्या चारही कोपऱ्यांवर एकेक बोल्ट येतो. असे बोअर लांबीत आणि रुंदीत एकाच मापाचे दिसते, खरा फरक कर्णाच्या दिशेला असतो, आणि कर्णात गेज धरण्याची सवय फार थोड्यांना असते. (तीन कोपऱ्यांची वाकडी आकृती तर दोन टोकांच्या गेजला सापडतच नाही, तिथे तीन टोकांचे गेज लागते.)

यावर उपाय टॉर्क प्लेटचा आहे. हेडच्या जागी जाड प्लेट आवळायची, बोअर हेडखाली जसे वाकते तसे आधीच वाकवून घ्यायचे आणि त्या स्थितीत होनिंग करून ते गोल करायचे. माझ्याकडे या इंजिनाची प्लेट नव्हती. भंगारातून ५० मिमी जाडीचा पोलादी तुकडा मिळाला. तो सपाट करण्यासाठी नागपूरला हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत सरफेस ग्राइंडिंगला पाठवला आणि बोअरपेक्षा जराशी मोठी चार भोके मी माझ्याच मशीनवर पाडली. हेड अॅल्युमिनियमचे असेल तर प्लेटही अॅल्युमिनियमची घ्यावी, असे काही कारागीर मानतात व त्यात तथ्य आहे. पण मिळाले त्यात हे काम होण्यासारखे होते. खरी काळजी बोल्टांची होती. प्लेट हेडपेक्षा पातळ असल्याने तेच बोल्ट सरळ लावले असते, तर ते ब्लॉकमध्ये अधिक खोल गेले असते आणि ओढीची जागाच बदलली असती. म्हणून लेथवर पोलादी नळीचे स्पेसर कातून घेतले आणि हेड असताना जितके आटे धरतात तितकेच आटे धरतील असे पाहिले. आट्यांना तेच तेल लावले, गॅस्केटही पुढे वापरायच्या जातीचेच दाबले. कोरड्या आणि तेल लावलेल्या आट्यांत एकाच टॉर्कवर ओढ खूप वेगळी येते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

क्रँकच्या मेन बेअरिंगच्या कॅपाही पूर्ण टॉर्कने आवळल्या, कारण त्यांचा ताण बोअरच्या खालच्या टोकापर्यंत पोहोचतो. मग प्लेट मधल्या बोल्टांपासून बाहेरच्या बोल्टांकडे, टप्प्याटप्प्याने आवळली आणि त्या तरुणालाच गेजवर डोळा लावायला सांगितले. कर्णात गेज फिरताच काटा तीन घरे सरकला, म्हणजे ०.०३ मिमी. तो बराच वेळ गेज फिरवून फिरवून पाहत राहिला.

पिस्टन नवे, ०.५० मिमी ओव्हरसाइजचे घेतले. बोअरिंग ७४.४२ मिमीपर्यंत करून उरलेले सगळे माप प्लेट आवळून, होनिंगने काढले. मे महिना होता आणि दुपारी शेडमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जात होता. ७४ मिमीचे बीडाचे बोअर १५ अंशांनी तापले तर सुमारे ०.०१२ मिमी वाढते, आणि होनिंगची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. म्हणून शेवटची मापे पहाटे घेतली. मायक्रोमीटर, गेज आणि ब्लॉक रात्रभर एकाच ठिकाणी ठेवले होते. प्लेटसह काटा जेमतेम अर्धे घर हलला. रिंगांच्या टोकांमधले अंतरही प्लेट आवळलेली असतानाच तपासले.

प्लेट सोडल्यावर मात्र बोअर पुन्हा वाकडे झाले, या वेळी उलट बाजूने, आणि तरुणाचा चेहरा उतरला. ‘‘हे तं बिघडलं नं, काका!’’ मी त्याला समजावले की हा वाकडेपणा आपण मुद्दाम घडवलेला आहे. हेड बसेल तेव्हाच हे बोअर गोल होईल. इंजिन जोडून चालवल्यानंतर लीक-डाउन चाचणी घेतली (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती किती गळते ते पाहिले), तेव्हा चारही सिलिंडरांची गळती ५ टक्क्यांच्या आत होती. पुढच्या शर्यतीत धूर आला नाही.

इंजिन देताना त्याच्या वहीत गॅस्केटची जात, बोल्टांची लांबी, आट्यांचे तेल, टॉर्क आणि आवळण्याचा क्रम लिहून दिला. बोल्टांऐवजी स्टड (ब्लॉकमध्ये बसवून वरून नटाने आवळायच्या आट्यांच्या दांड्या) लावायचे मनात आले, तर ब्लॉक आधी माझ्याकडे आणायचा, कारण स्टडची ओढ वेगळी पडते आणि मग प्लेटही स्टडवरच आवळून होनिंग करावे लागते, हे त्याच पानावर खाली रेघ मारून लिहिले.