तुम्ही विचारलंत म्हणून: काचेखालच्या त्या दोन झडपा

"भाऊ, एसी काबर नही बसाडी लेत?" जळगाव असो की शिरपूर, मे महिन्यात पेट्रोल पंपावर गाडी उभी केली की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: पुढच्या काचेखालच्या त्या दोन झडपांवर एवढा जीव का? आमची गाडी म्हणजे 109 इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जुनी लँड रोव्हर, सिरीज 2ए. पंपावर घाईत अर्धंच उत्तर दिलं जातं, म्हणून इथे नीट सांगतो.

एसीचं आधी उरकतो. 2286 सीसीचं डिझेल इंजिन, ताकद 62 हॉर्सपॉवर. त्यावर कॉम्प्रेसरचा भार टाकायचा, रेडिएटरसमोर कंडेन्सर उभा करायचा आणि भर उन्हात तोरणमाळचा घाट चढायचा, हे मला पटत नाही. शिवाय दारांच्या फटीतून अर्धी गार हवा रस्त्यालाच वाटली जाणार.

झडपांचं तसं नाही. गाडी चालत असताना बॉनेटवरून येणारी हवा काचेच्या पायथ्याशी अडते आणि तिथे दाब वाढतो. नेमक्या त्याच जागी झडप ठेवलेली आहे. आतली दांडी ढकलली की पंख्याशिवाय वारा थेट छातीवर येतो. मागची खिडकी तेवढी थोडी उघडी हवी, नाहीतर आत आलेली हवा जाणार कुठून? ज्याने हे योजलं त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. हिच्याच वंशातल्या डिफेंडरमध्ये 2007 साली नवा डॅशबोर्ड आला आणि झडपा गेल्या, पण पत्र्यावर त्यांचे चौकोनी ठसे तसेच राहिले. ते बघून मला दरवेळी हळहळ वाटते.

आता खान्देशाचं. आपल्याकडे ही झडप उघडते किती यापेक्षा ती मिटते किती घट्ट, याला जास्त किंमत आहे. कातडीचं तापमान असतं 35 अंशांच्या आसपास. बाहेर 45 असताना झडप सताड उघडली तर आत वारा येत नाही, झळ येते. धाब्याच्या घरात आजी दुपारी दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि दिवस कलला की उघडायची, तीच रीत या गाडीला लागू पडते. सकाळी उघडी, दुपारी बंद. यावल-रावेरकडे रस्ता पाणी दिलेल्या केळीच्या बागांमधून जाऊ लागला की भर दुपारीही थोडी उघडायची. तिथली हवा वेगळी असते, नाकालाच आधी कळतं. आणि काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर पुढे ट्रॅक्टर असेल तर ताबडतोब बंद.

झडप नीट मिटत नसेल तर यातलं काहीच जमत नाही. वर पावसाळ्यात पाणी आत झिरपतं आणि पायाखालचा पत्रा खातं. लँड रोव्हरचं बरंचसं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, पण ही डॅशमागची भिंत, गॅरेजवाले जिला फायरवॉल म्हणतात, ती पोलादी. गाडी खरी सडते ती इथे.

दुरुस्तीसाठी झडप आधी काढावी लागते, आणि तिच्या बिजागरीचे स्क्रू हा सगळ्यात चिवट भाग. जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडायचं, सकाळी पुन्हा सोडायचं, मग पाव फेरा सैल, पाव फेरा घट्ट, असं गोंजारत काढायचं. गॅसची ज्योत मी तिथे लावू देत नाही, कारण काचेचं रबर बोटभर अंतरावर असतं. तुटलाच तर मधोमध पंच मारून ड्रिल करायचं आणि टॅप फिरवून नवे आटे पाडायचे.

मग आतली जाळी काढायची. किडे येऊ नयेत म्हणून ती असते, पण तिच्यात कापसाची रुई आणि धूळ बसून जाड नमदाच तयार झालेला असतो. पुष्कळांच्या गाडीत "वारा येत नाही" याचं कारण एवढंच निघतं. कडेचा पत्रा गंजलेला असेल तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा तुकडा वेल्ड करायचा. पुटी भरून वरून रंग मारणाऱ्याला मी गाडी देत नाही.

खरी मेख रबरात आहे. बाजारात मिळणारी साधी स्पंजपट्टी पाणी पिते आणि पत्र्याला ओल धरून ठेवते. आपल्याला हवं बंद छिद्रांचं रबर, ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं. ते ऊनही सोसतं. ओळखायचं कसं? तुकडा पाण्यात दाबून धरा आणि बाहेर काढून पिळा. पाणी निघालं तर घेऊ नका. जाडीही बेताची हवी. जाड पट्टी लावली की झडप मधे टेकते आणि कोपऱ्यांना फाकते. मी कडेला खडू घासतो, झडप मिटून उघडतो आणि रबरावर पांढरी रेघ अखंड उमटली का ते बघतो. जिथे रेघ तुटते तिथे झडपेचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ करायचा. त्यानंतर कागदाची पट्टी अडकवून ओढायची: सगळीकडे सारखीच अडली पाहिजे. पाइपने पाणी मारून बघायचं ते शेवटी.

हे काम एप्रिलमध्येच काढा. मृगाचा पाऊस तोंडावर आला की पत्राकाम करणारे ताडपत्री आणि पन्हाळींच्या मागे असतात आणि दोन झडपांसाठी त्यांना सवड नसते.