घोड्यावर गुरू, पायी शिष्य

रविवार, रात्री

एलिशा बेन अबूया काही पाठ सोडत नाही. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, शेकड्यांनी रब्बी (धर्मपंडित) आहेत, एकाहून एक थोर, आणि मी अडकून बसले आहे ती त्यांनी वाळीत टाकलेल्या एकाशी. जेरुसलेमच्या बड्या घरातला हा मुलगा, रब्बी अकिवाच्या मांडीला मांडी लावून बसणारा विद्वान, रब्बी मेइरसारख्या शिष्याचा गुरू. मग दुसऱ्या शतकात, रोमन अमलाखाली, त्याने धर्मच सोडला. तेव्हापासून त्याचं नाव घेणं बंद. नुसतं ‘दुसरा’ म्हणायचं.

नाव टाकलं, पण माणूस काही त्यांना टाकवला नाही. त्याचं वचन ‘पिर्के अवोत’ या रब्बींच्या वचनसंग्रहात आजही आहे, नावासकट. लहानपणी शिकलेलं म्हणजे कोऱ्या कागदावरची शाई, म्हातारपणी शिकलेलं म्हणजे खोडलेल्या कागदावरची, हे त्याचंच.

त्याने धर्म का सोडला, याचं तालमूदकडे एक उत्तर नाही. एका कथेत अकिवा, बेन अझ्झाई आणि बेन झोमा यांच्याबरोबर तो ‘बागेत’ शिरतो, म्हणजे ईश्वराच्या गूढ ज्ञानात. एक मेला, एकाला वेड लागलं, याने रोपं छाटली, म्हणजे श्रद्धा सोडली, आणि अकिवा तेवढा सुखरूप परतला. स्वर्गात देवापुढे कुणी बसत नाही, तिथे मेटाट्रॉन हा देवदूत चक्क बसलेला दिसला, तेव्हा याच्या मनात आलं की वर दोन सत्ता तर नाहीत? दुसरीकडे लिहिलंय की याच्या तोंडी कायम ग्रीक गाणी असत आणि पाठशाळेतून उठला की मांडीवरून पाखंडी पुस्तकं गळत. तिसरीकडे दोष बापाच्या माथी. सुंतेच्या दिवशी तोराची, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मशास्त्राची, चर्चा करत बसलेल्या रब्बींभोवती अग्नी उतरला, तो पाहून बाप म्हणाला, तोरात एवढी ताकद असेल तर पोराला त्यालाच वाहतो. हेतूतच खोट, मग फळ कसं धड येणार? घरातून मुलगा निघून गेला की नातेवाईक बसून कारणं काढतात, संगत वाईट, पुस्तकं वाईट, बापाचंच चुकलं, त्यातलाच हा प्रकार वाटतो मला. देवदूताची कथा भव्य आहे, पण मला ती पटत नाही.

पटते ती पक्षिणीची. घरट्यातली पिलं घ्यायची तर आधी आईला सोडून द्या, म्हणजे तुमचं भलं होईल, आयुष्य वाढेल, असं तोरात सांगितलंय. एलिशा गेनेसरेतच्या खोऱ्यात अभ्यास करत बसला होता. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या, दिवशी एकजण खजुराच्या झाडावर चढला, आईसकट पिलं धरली आणि खाली उतरून निघून गेला. काही झालं नाही. शब्बाथ सरल्यावर दुसरा चढला. त्याने आईला सोडलं, पिलं तेवढी घेतली, खाली आला आणि साप चावून मेला. कुठे गेलं भलं, कुठे गेलं आयुष्य? आणखी एका कथेत तो हुत्झपित या व्याख्यात्याची जीभ डुकराने ओढत नेताना पाहतो. ज्या तोंडातून मोती पडले ते धूळ चाटतंय, एवढंच म्हणतो.

इथे थांबलं तर तो किती आवडता होतो! पण जेरुसलेम तालमूद (तालमूदच्या दोन पाठांपैकी एक) त्याला इतक्या स्वस्तात सोडत नाही. तो शाळेत जाऊन पोरांना उठवायचा, म्हणे, हा गवंडी व्हायचा, हा सुतार, हा शिंपी, इथे काय करताय? रोमन लोक शब्बाथला ज्यूंकडून ओझी वाहून घेत, तेव्हा नियमभंग टळावा म्हणून ते दोघांत एक ओझं उचलत. ही मेख एलिशाने रोमनांना सांगितली, एकेकट्याला उचलायला लावा म्हणाला. हे विरोधकांनी मागून चिकटवलेलंही असेल. पण नावडता भाग वगळून उरेल तो एलिशा मी माझ्या सोयीने बनवलेला असेल.

आणि तरीही मेइर त्याच्याकडे शिकायला जात राहिला. लोक विचारत, याच्याकडून कसला धर्म शिकतोस? त्याच्या बाजूने तालमूदनेच उत्तर दिलंय: मेइरला डाळिंब मिळालं, त्याने दाणे खाल्ले, साल फेकली.

शब्बाथचाच दिवस. (आपल्या कोकणातल्या ज्यूंना, बेने इस्रायलींना, ‘शनवार तेली’ म्हणत, शनिवारी घाणा बंद म्हणून. इथे तर घोड्यावर बसणंही वर्ज्य.) मेइर तिबेरियात प्रवचन देत होता. कुणीतरी सांगितलं, तुमचे गुरुजी बाहेर घोड्यावरून चाललेत. मेइर प्रवचन सोडून उठला. एलिशाने विचारलं, आज काय सांगितलंस? ईयोबाचं सांगितलं, संकटांत सगळं गमावलेल्या त्या भल्या माणसाचं; देवाने त्याचा शेवट सुरुवातीपेक्षा सुखाचा केला, संपत्ती दुप्पट दिली. एलिशा म्हणाला, तुझा गुरू अकिवा असा अर्थ लावत नसे. घोडा चालतोय, धर्म सोडलेला माणूस शिष्याची चूक दुरुस्त करून अकिवाचा अर्थ सांगतोय आणि शिष्य बाजूने पायी. मग एलिशा थांबला. मेइर, आता मागे फीर, शब्बाथची हद्द इथवरच. गावाबाहेर दोन हजार हात, म्हणजे किलोमीटरच्या आसपास. तुम्हाला कसं कळलं? घोड्याची पावलं मोजत होतो.

पाळायचं नाही, पण मोजायचं, तेही दुसऱ्यासाठी! मेइर म्हणाला, एवढं ज्ञान आहे, मग तुम्हीही फिरा ना. एलिशाने नकार दिला. त्याने आकाशवाणी ऐकली होती: माझ्या मुलांनो, परत या, एलिशा सोडून.

तो गेल्यावर वर पंचाईत झाली म्हणे. तोरा शिकलेला, म्हणून शिक्षा नाही. पाप केलेलं, म्हणून परलोकात प्रवेशही नाही. मेइर म्हणाला, त्यापेक्षा शिक्षा होऊन एकदाचा आत गेलेला बरा, मी मेलो की त्याच्या थडग्यातून धूर काढीन. तसा धूर निघाला. पुढे रब्बी योहानन भडकले: आपल्याच गुरूला जाळायचं, यात कसला पराक्रम? आपल्यातला एक वाट चुकला आणि आपल्याला त्याला सोडवता येत नाही? ते गेले तेव्हा धूर थांबला. या भांडणात मी योहाननच्या बाजूने आहे.

त्याच्या मुलीचा मुलगा याकोव हाही रब्बी झाला. त्यानेही असाच प्रसंग पाहिला: बापाच्या सांगण्यावरून मुलगा वर चढला, आईला उडवून पिलं घेतली, उतरताना पडून मेला. याकोव म्हणाला, आयुष्याचं वचन या जगाचं नाहीच, परलोकाचं आहे. तालमूदचा शेरा असा की ‘दुसऱ्या’ने नातवासारखा अर्थ लावला असता तर तो बिघडला नसता. मला हे पटत नाही. शिष्याला अकिवाचा अर्थ समजावून सांगणाऱ्याला हा अर्थ सुचला नसेल? सुचला असेल, आणि झाडाखाली पडलेल्या त्या माणसाकडे बघून पुरेसा वाटला नसेल.