‘स्पोअर’ने न पाळलेला शब्द

आज सुट्टी होती म्हणून २००८ साली आलेला ‘स्पोअर’ हा गेम पुन्हा खेळायला घेतला आणि त्याच्याविषयीची जुनी हळहळ जागी झाली. गेमचे रचनाकार विल राइट यांनी २००५ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा एका पेशीपासून थेट अंतराळापर्यंतची उत्क्रांती आपल्या हातांनी घडवता येईल, ही कल्पनाच विलक्षण वाटली होती. प्राणी घडवण्याचा भाग आजही थक्क करतो. मी पाठीचा कणा ताणून वाकवला, तीन पाय जोडले, आणि तो जीव लगेच डुलत चालू लागला. ती चाल कोणी आधी रेखाटून ठेवलेली नव्हती, संगणकाने ती त्याच्या शरीररचनेवरून बेतली होती. मात्र पाय लांब ठेवा की आखूड, वेग ठरतो तो त्या अवयवाला दिलेल्या गुणांवरूनच. जिथे रचनेवर जगणे-मरणे अवलंबून असायला हवे होते, तिथे ती निव्वळ सजावट उरते, आणि माझ्या मते गेमचे खरे अपयश हेच आहे. टोळीचा आणि संस्कृतीचा टप्पा तर उरकून टाकल्यासारखा वाटतो. अंतराळ अफाट आहे, पण तिथे निवांत भटकावे म्हटले, तर वसाहतींवरील हल्ल्यांच्या सूचना पाठ सोडत नाहीत.