हायसं का वाटलं

मंगळवार, रात्र

आज टॉर्ट्सच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या, तासाला पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा ते पाहताना प्रोफेसरांचं बोट वर्गातल्या जागांच्या तक्त्यावर माझ्या फोटोपाशी येऊन थांबलं. ओठ हलल्यासारखे वाटले. मग त्यांनी माझ्या उजवीकडच्या मुलाचं नाव घेतलं. सगळं मिळून दोन सेकंदं. वर्गात कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मला मात्र साडेअकरा वाजले तरी ते सुटत नाहीये.

राग आला असता तर बरं झालं असतं. मला हायसं वाटलं. खांदे सैल पडले, पेन खाली ठेवलं, पाणी प्यायले. दुपारपासून खुपतंय ते हेच.

तयारी नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. केस पाल्सग्राफची होती आणि अख्खा रविवार मी तिच्यावर घातला होता. १९२४ चा ऑगस्ट. हेलन पाल्सग्राफ दोन मुलींना घेऊन रॉकअवेच्या समुद्रकिनाऱ्यावर निघालेली, ब्रुकलिनच्या ईस्ट न्यूयॉर्क स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभी. सुटलेल्या गाडीत चढणाऱ्या एका माणसाला रेल्वेच्या नोकरांनी हात दिला, त्या गडबडीत त्याचं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं रुळांवर पडलं. आत फटाके होते. स्फोट झाला आणि फलाटावरचा वजनकाटा हिच्या अंगावर कोसळला. ज्यूरीने सहा हजार डॉलर दिले. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ते काढून घेतले, वर खर्चही तिच्यावरच बसवला. तिथले मुख्य न्यायाधीश कार्डोझो यांचं म्हणणं असं, की त्या पुडक्यामुळे इतक्या लांब उभ्या असलेल्या बाईला धोका होईल हे कुणाच्या ध्यानीमनी येण्यासारखं नव्हतं, म्हणून तिच्याबाबतीत रेल्वेचं काही कर्तव्यच उरत नाही.

एवढं वर्गात सगळ्यांनी वाचलेलं होतं. मी आणखी थोडी खोलात गेले होते, त्या खटल्यात कोणी काय साक्ष दिली ते शोधत. तिथे मला कळलं की त्या अपघातानंतर काही दिवसांनी हेलन बोलताना अडखळायला लागली. तिच्या डॉक्टरांनी तसं कोर्टात सांगितलं. म्हणजे ज्या इजेसाठी ती भांडत होती, ती तिच्या बोलण्याला झालेली इजा होती. आणि कार्डोझोंच्या निकालात त्याचा उल्लेखच नाही. वजनकाटा लागला, इजा झाली, त्यासाठी दावा आहे, बस्स. जवळपास शंभर वर्षं हजारो विद्यार्थी त्या बाईवर बोलतायत आणि तिची जीभ अडखळत होती हे त्यांना ठाऊकही नसतं. रविवारी रात्री हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सोमवारी मी ते चार वाक्यांत बसवलं. आज ती चार वाक्यं समोर वहीत होती, बोट माझ्या फोटोवर होतं, आणि ते सरकलं तेव्हा मला हायसं वाटलं.

का?

नावामुळे असेल. माझं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. इंग्रजीत डी, एन, वाय, ए अशी चार अक्षरं एका रांगेत उभी राहतात आणि समोरचा माणूस तिथेच थबकतो. प्रोफेसर वाईट नाहीत. चुकीचं बोलून मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते पुढे गेले असतील. किंवा एलएलएमवाल्यांना, म्हणजे पदव्युत्तर कोर्सला बाहेरदेशातून आलेल्यांना, सोडायचं असं त्यांनी ठरवलंही असेल. जेडीची, म्हणजे अमेरिकेतली वकिलीची मूळ पदवी करणारी मुलं तीन वर्षं इथे आहेत, आम्ही नऊ-दहा महिन्यांचे पाहुणे. पण मग आमची तीच फी, तेच केसबुक, तीच परीक्षा, त्याचं काय? एलएलएमच्या वाटेने न्यूयॉर्कच्या बारला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसायचं तर चोवीस क्रेडिट्स लागतात, त्यातली सहा बारच्या परीक्षेतल्या विषयांची. म्हणून मी टॉर्ट्स घेतलं. क्रेडिट मला मिळेलच, प्रश्न विचारला गेला काय किंवा न गेला काय. परीक्षेत तर नावही नसतं, फक्त नंबर. तिथे मला कशाची भीती नाही.

पण मी क्रेडिटसाठी एवढ्या लांब आले का? व्याख्यानं मी पाच वर्षं ऐकली, वह्या भरल्या. लँगडेल १८७० मध्ये हार्वर्डला डीन झाले आणि त्यांनी निकाल वाचून यायचं, मग प्रश्नांना तोंड द्यायचं ही रीत रुजवली. मला तीच हवी होती. अर्जात तसं लिहिलं होतं, मनापासून लिहिलं होतं. कुणीतरी मला ‘का’ विचारावं, मी उत्तर दिल्यावर परत ‘का’ विचारावं.

आईला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. कर्जाचा विषय निघाला आणि मग ते राहूनच गेलं.

पुन्हा तेच. हायसं का वाटलं? न्यायाधीशांसमोर मी उभी राहिलेय, एकदा नाही, पुष्कळदा, आणि तिथे घसा कोरडा पडला तरी मी बोलले आहे. तिथे अशिलासाठी बोलायचं असतं. इथे मी चुकले तर ती नुसती माझी चूक राहणार नाही, आम्हा सगळ्या बाहेरून आलेल्यांची ठरेल, असं माझ्या मनाने कधीतरी ठरवून टाकलंय. कुणी तसं म्हटलेलं नाही. मीच हे ओझं उचललं आणि आज दोन सेकंदांसाठी ते खाली ठेवायला मिळालं. म्हणून हायसं वाटलं. हे लिहिल्यावर जरा शांत वाटतंय. थकलेल्या माणसाला ओझं उतरल्यावर बरं वाटतं, यात लाजण्यासारखं काय आहे?

आणि हेलनने साक्ष दिली होती. १९२७ मध्ये, ब्रुकलिनच्या कोर्टात, बोलायला त्रास होत असताना. ती काय बोलली ते लिहून घेतलं गेलं, म्हणूनच मला ते आज वाचायला मिळतं.

गुरुवारी याच केसमधला न्यायाधीश अँड्र्यूज यांचा अल्पमतातला निकाल घेणार आहेत. आपलं कर्तव्य साऱ्या जगाप्रती असतं, असं म्हणणारा. रांग माझ्या पुढे गेलेली आहे, बोट परत माझ्याकडे यायला दोनेक आठवडे लागतील. हात मलाच वर करावा लागेल. तासाआधी पाच मिनिटं जाऊन नाव कसं म्हणायचं तेही त्यांना सांगेन. द आणि न्य, जोडून.

चार वाक्यांतलं पहिलं वाक्य आत्ता तीनदा म्हणून पाहिलं. रूममेट झोपलीये, म्हणून हळू आवाजात. तिसऱ्यांदा अडखळले नाही.