दांडीच्या पाण्याखाली

मालवण, पौष वद्य अष्टमी

पाण्याखालचं प्रवाळ बघायला मुद्दाम अष्टमी गाठून आले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मामाने लहानपणीच शिकवलं होतं. म्हणजे आज भरती सहाच्या सुमाराला, आणि दुपारी बाराच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे पाणी फार चढत-उतरत नाही, त्यामुळे तळाचा गाळ ढवळत नाही आणि खालचं दिसतं. पुनवेच्या उधाणात याच जागी स्वतःचे पाय दिसणं कठीण.

मालवणच्याच दांडी किनाऱ्यावरून नऊच्या होडीने निघालो. होडीवरच्या मुलाने विचारलं, "खंयचे तुमी?" आजोळ इथलंच म्हटल्यावर हसला. "मगे तुमका काय सांगूचा!" तरी मास्क कसा लावायचा, नळीतून श्वास कसा घ्यायचा ते नीट समजावलं. लहानपणी आमच्याकडे यातलं काही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे एक पोहण्याचा चष्मा असायचा, तो आम्हा भावंडांत फिरायचा. श्वास कोंडून खाली जायचं, जेवढं दिसेल तेवढं बघायचं आणि वर येऊन एकमेकांना सांगायचं. मामी तेव्हा खडकावर कोयतीने कालवं काढत बसलेली असायची.

सिंधुदुर्गाच्या तटाजवळ पाण्यात तोंड घातलं आणि पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे मासे एकदम अंगावर आले. होडीतून ब्रेडचे तुकडे टाकले की ते असे झुंडीने येतात. बाजूच्या पर्यटकांना आनंद झाला, तो मला कळतो. पण ब्रेड हे त्यांचं अन्न नव्हे. मला थोडं लांब जायचं होतं. तिथे एक पोपटमासा खडक कुरतडत होता. पाण्याखाली कान दिला तर त्याची करकर ऐकू येते. प्रवाळावरचं शेवाळ तो असा खरवडून खातो, त्याबरोबर पोटात गेलेली चुनखडी दळून बाहेर टाकतो, आणि ती वाळू होते. शेवाळ खाणारे असे मासे कमी झाले तर तेच शेवाळ प्रवाळावर पसरून त्याचा उजेड अडवतं.

इथलं प्रवाळ नाजूक फांद्यांचं कमी, गोल धोंड्यांसारखं, जाड पसरलेलं जास्त. नद्या-खाड्यांचा गाळ दर पावसाळ्यात अंगावर घेऊन तगणारं. त्यातल्या पोराइट्ससारख्या जाती वर्षाला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात. मी त्या धोंड्यांपैकी एकावर बराच वेळ तरंगत राहिले. हात दोन्ही बाजूंना पसरले तरी कडांपर्यंत पुरत नव्हते. चष्म्यासाठी आम्ही भांडत होतो तेव्हाही तो इथेच होता, जवळजवळ एवढाच. फार बरं वाटलं.

त्याच्या शेजारी मात्र एक ताजी पांढरी खोक होती, काठ धारदार. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं, तसं हे नव्हतं. हा नांगराचा घाव. हंगामात इथे एकामागून एक होड्या येतात आणि प्रत्येक होडीला कुठेतरी अडकून थांबायचं असतं.

1987 साली हा भाग सागरी अभयारण्य झाला, जवळपास 29 चौरस किलोमीटर, किल्ला आणि पद्मगडाभोवतालचं पाणी त्याच्या गाभ्यात. तेव्हा गावातल्या मच्छीमारांनी विरोध केला होता. मासेमारी बंद झाली तर खायचं काय, हा त्यांचा प्रश्न खरा होता. आज त्याच घरांतली मुलं लोकांना प्रवाळ दाखवून घर चालवतात. म्हणून मला वाटतं, नांगराऐवजी होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये हवेत, आणि ते कुठे टाकायचे हे या मुलांनाच विचारायला हवं. तळातला खडक न खडक त्यांना पाठ आहे.

परतताना त्या मुलाला खोक सांगितली. त्याला ती माहीत होती. कुठल्या बाजूला आहे तेही त्याने बरोबर सांगितलं आणि म्हणाला, "आमी वाळयेर टाकतो नांगर. पण सगळेच नाय टाकनत."

उद्या नवमी, सुकती पाऊण तासाने पुढे. भाचीला त्याच्याच होडीने नेणार आहे. ब्रेड नको, हे त्याला आजच सांगून ठेवलंय.