तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांनी पैसे घेतले होते का?

ऐरोलीच्या ऑफिसात, ठाण्यातल्या लग्नात, कुठेही मी कल्याणजवळच्या नेवाळीकडची म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अगं पण तुमच्या आजोबांनी तेव्हा पैसे घेतले होते ना? मग आता कसली जमीन मागताय?" युद्धात धावपट्टीसाठी गेलेल्या आमच्या जमिनीवर २०१७ च्या जूनमधे नेव्ही घालत असलेली भिंत, त्यावरून पेटलेलं शेतकऱ्यांचं आंदोलन, जळलेल्या गाड्या, जखमी झालेली माणसं, ते सगळं तुम्ही टीव्हीवर बघितलंय, परत सांगत बसत नाही. सरळ उत्तर देते.

पैसे आले होते. आमच्या घरात तरी आले होते. पण म्हणून जमीन विकली असं मी मानत नाही, आणि हे वाक्य ऐकलं की लोक जे हसतात ना, त्याचाच आता वीट आलाय.

१९४२ ला जपानी ब्रह्मदेशात घुसले, इंग्रजांना धावपट्टी हवी होती, आणि मलंगगडाच्या पायथ्याची आमची भातशेती सपाट. दीड हजार एकरांवर जमीन गेली. तेव्हा जमीन घ्यायचे रस्ते दोन होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली तर मालकी कायमची गेली. डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याखाली ताब्यात घेतली तर युद्धापुरता वापर, मालक शेतकरीच. पैसे दोन्हीकडे मिळायचे, एकीकडे किंमत म्हणून, दुसरीकडे वापराची भरपाई म्हणून. मग नुसतं "पैसे घेतले ना" विचारून काय कळणार तुम्हाला? सरकार म्हणतं कायमची घेतली, गाव म्हणतं युद्धापुरती. आणि ४५ ला युद्ध संपलं, विमानं गेली, तशी आमची माणसं परत त्याच जमिनीत भात लावायला लागली, वर्षानुवर्षं लावत राहिली, तेव्हा कोणी अडवायला आलं नाही.

आता घरातलं सांगते.

आंदोलनानंतर सगळेच कागद शोधायला लागले तेव्हा माझ्या चुलतभावाला एका सरकारी ऑफिसातून एका पानाची झेरॉक्स मिळाली. मजकूर मोडीत. ठाण्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या काकांकडून वाचून घेतला. आजोबांचं नाव, रक्कम मिळाली, तक्रार नाही, खाली अंगठा. रक्कम कशाबद्दल, ते वरच्या ओळीत असणार, आणि वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला. भाऊ म्हणाला हा कागद कोणाला दाखवायचा नाही. मला मात्र वेगळंच खटकत होतं. आजोबा सही करायचे, त्यांची सही मी स्वतः बघितलीय. मग अंगठा कोणाचा?

ती झेरॉक्स घेऊन मी कळव्याला आत्याकडे गेले. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याने दिसायचं कमी. तिने कागद खिडकीपाशी नेला, पार नाकाला लावला, आणि अंगठ्यावरून बोट फिरवलं. त्या ठशात मधोमध एक तिरकी पांढरी रेघ आहे, मी आधी समजले झेरॉक्स खराब आलीय. आत्या म्हणाली, "यो माजे आयशीचा आंगठा हाय." गवत कापताना आजीला विळा लागला होता, अंगठ्यावर ती खूण तशीच राहिली. मग आत्या थोडं थांबून बोलायला लागली. आजोबा तेव्हा कल्याण कॅम्पात मजुरीला, म्हणजे पुढे उल्हासनगर झालं तिथे, मिलिटरीच्याच कामावर. तलाठी आणि दोन माणसं दारात आली, आजी भात कांडत होती, हाताला कोंडा. घरात पुरुष नाही म्हटल्यावर त्यांनी तिचाच हात धरून शाईत बुडवला. काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नाही. त्या पैशाचं काय झालं विचारलं तर आत्या म्हणाली, तांदूळ आणला. शेत गेलेलं, ज्या घराने कधी तांदूळ विकत घेतला नव्हता त्या घराने तो विकत आणला. आणि सहा वर्षांच्या पोरीला आजीने शपथ घातली, बापाला सांगायचं नाही.

आजोबांना कधी कळलंच नाही. "मी एक पैसा घेतला नाही" हे ते मरेपर्यंत गावभर सांगत राहिले, आणि ते खरंच बोलत होते. आजी शेजारी बसून ऐकायची.

आत्या गेली. जाताना मलाही तीच शपथ घालून गेली, आणि मी आज इथे लिहितेय. पटत असेल नसेल, पण आजीला चोर ठरवणारा प्रश्न तुम्ही हसत हसत विचारता तेव्हा मला गप्प बसणं जास्त वाईट वाटतं. पूर्वी वाटायचं कागद सापडला की सगळं मिटेल. आता वाटतं कागदाने काहीच मिटत नाही, आणि तरीही कागदाशिवाय कोर्टात उभंही करणार नाहीत. कधी कधी रात्री मनात येतं, त्या खाल्लेल्या ओळीत "कायमची किंमत" असंच लिहिलेलं असेल तर? असू शकतं. मग मी काय म्हणेन? आजीचा अंगठा आजोबांच्या जमिनीला कसा चालला, हे विचारेन. पण ते वकिलाने विचारायचं, आणि तो म्हणतो जरा थांबा.

भाऊ माझ्याशी बोलत नाही. आकडा मी इथे मुद्दाम लिहिलेला नाही, तेवढं त्याचं ऐकलंय. मूळ फाईलच्या नकलेसाठी मी अर्ज केलाय, माझ्या नावाने. ती आली की जे असेल ते सांगेन, आमच्या विरुद्ध असलं तरी. तोपर्यंत हा प्रश्न लिफ्टमधे विचारू नका, घरी या, झेरॉक्स दाखवते.