हार्नेस आत, हुक हवेत

वाळूजच्या एका इंजेक्शनच्या प्लांटमध्ये वार्षिक शटडाऊन होता, आणि आम्ही हेपा फिल्टरच्या, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरच्या, टेस्टिंगला गेलो होतो. क्लीन रूम म्हटलं की लोकांना पांढरे कपडे आणि चकचकीत मशिनी दिसतात. आमचं काम छताला असतं. फिल्टरच्या वरून पीएओ तेलाचं धुकं सोडायचं आणि खालून फोटोमीटरचा, म्हणजे ते धुकं मोजणाऱ्या यंत्राचा, प्रोब फिल्टरपासून इंचभर अंतर राखून, सेकंदाला पाचेक सेंटिमीटर एवढ्या संथपणे, एकही पट्टा न सुटता फिरवायचा. वरच्या धुक्याच्या ०.०१ टक्क्याहून जास्त खाली आलं, की लीक. मान मागे, दोन्ही हात वर, गॉगलवर वाफ. एका हातात प्रोब, दुसऱ्यात त्याची नळी. शिडी धरायला हात उरतच नाही.

त्या दिवशी सकाळ कामाच्या परवानगीच्या कागदात, परमिटमध्येच गेली. सेफ्टीवाले साहेब म्हणाले, उंचीवरचं काम आहे, हार्नेसशिवाय, म्हणजे पडताना अडवणाऱ्या अंगातल्या पट्ट्यांशिवाय, सही नाही. क्यूएच्या, म्हणजे क्वालिटी खात्याच्या, मॅडम म्हणाल्या, हार्नेसच्या पट्ट्यांचे धागे सुटतात, ते माझ्या ग्रेड बी, म्हणजे कडक स्वच्छतेच्या, रूममध्ये येणार नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. तासाभराने तोड निघाली: हार्नेस अंगभर झाकणाऱ्या कव्हरऑलच्या आत घालायचं.

आता पाठीची कडी कव्हरऑलच्या आत, चेन गळ्यापर्यंत बंद. हुक लावायचा कशाला? आणि कडी बाहेर असती तरी लावायचा कुठे? छत पफ पॅनेलचं, वरच्या स्लॅबला रॉडने टांगलेलं. त्यात भोक पाडून अँकर लावायला कोण परवानगी देणार? समजा, दिलीच. साधा १.८ मीटरचा लॅन्यार्ड, म्हणजे हार्नेसची दोरी, आणि तिचा झटका शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण उघडायला अँकरखाली पाच मीटरच्या वर मोकळी जागा लागते. छत तीन मीटरवर. म्हणजे दोरी ताणली जायच्या आत माणूस फरशीवर. हे गणित सेफ्टीच्या माणसाला मी सांगावं लागतं, याचाच मला जास्त राग येतो. परमिटवरचं हार्नेसचं खोकं टिक झालं, सही झाली.

या कामाला हवा असतो कठड्याचा प्लॅटफॉर्म. तो त्या कंपनीकडे होता, स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला. त्याच्या पाइपांची तोंडं उघडी होती. आत पाणी आणि घाण साचणार, म्हणून क्यूएने नाकारला, आणि तेही रास्तच. तोंडं वेल्डिंग करून बंद केली, पॉलिश मारलं की झालं. फॅब्रिकेटरचं दोन दिवसांचं काम. पण ते इंजिनीअरिंगच्या बजेटातून की क्यूएच्या, यावर फाइल अडली होती.

म्हणून शिडी. तीही ७० टक्के आयपीएने, म्हणजे जंतुनाशक अल्कोहोलने, पुसून आत आणलेली. स्टीलची गुळगुळीत पायरी, त्यावर ओल, त्यावर बूट कव्हरचा तळ. धरायला तिसरा माणूस नाही, कारण रूममध्ये एका वेळी किती माणसं असावीत याचा आकडा ठरलेला, आणि शटडाऊनमध्येही तो सोडायचा नाही असा हुकूम.

फिलिंग लाइनच्या वरच्या फिल्टरचं टेस्टिंग चालू होतं. मशीन मध्ये असल्यामुळे शिडी कडेला, आणि आमच्या टीमचा पोरगा वाकून प्रोब पुढे नेत होता. मी खाली फोटोमीटरवर. त्याचा पाय सरकला तसा त्याचा हात आधारासाठी वर गेला, आणि वर फिल्टरच होता, जाळी काढलेला, नुसता काचतंतूंचा घडीदार कागद. बोटं आरपार गेली. तो मशीनच्या गार्डवर आपटून खाली बसला.

टॉकबॅकवर बाहेरून पहिला आवाज आला: "फिल्टरला हात लागला का?"

घोटा सुजत होता. त्याला बाहेर काढायचं म्हणजे इंटरलॉकची दारं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. इमर्जन्सीला दोन्ही उघडणारं लाल बटण दाराशेजारीच होतं. मी हात पुढे केला तर मॅडम काचेपलीकडून नको नको करत होत्या, रूमचं प्रेशर पडेल म्हणून. मी दाबलं. त्याचं एक वेगळं डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, माझ्या नावावर लागलं, आणि ते मी आनंदाने सही केलं.

फिल्टरच्या डेव्हिएशनला बरीच पानं लागली: नवा फिल्टर, पुन्हा टेस्ट, पुन्हा रूमची सफाई आणि पार्टिकल काउंट. पोराची नोंद फर्स्ट एडच्या वहीत आहे: घोटा मुरगळला, क्रेप बँडेज. मूळ कारण म्हणून लिहिलंय 'निष्काळजीपणा', उपाय म्हणून 'पुनर्प्रशिक्षण'. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ३२ म्हणायचं की पडण्याची शक्यता असेल तिथे कठडा किंवा दुसरी सोय करा. त्यात 'शक्य तितपत' अशी पळवाट होती, हे मलाही माहीत आहे. पण सोय तर स्टोअरमध्ये तयार उभी होती.

प्लॅटफॉर्मची तोंडं बंद करायचं ड्रॉइंग मी स्वतः काढून दोन्ही खात्यांना मेल केलंय. क्यूएने चाकांच्या मटेरियलचं सर्टिफिकेट मागितलंय. सेफ्टीने अजून वाचलेलं नाही. पोरगा परत कामावर आलाय आणि शिडीवर चढायला नाही म्हणतो; आमच्या मालकांना तो कामचुकार वाटतो.